वाकळेचा चौथा कोपरा

अर्जदार : दत्तात्रय गणपती, धंदा अर्जलेखन, राहणार कोल्हापूर.
जाबदेणार : गणपती, अर्जदाराचे वडील, धंदा फाऊंड्रीत मोल्डर, हल्लीचा पत्ता माहीत नाही.
साक्षीदार : (१) शेवंता, अर्जदाराची आई, मयत. (२) हौसाबाई, जाबदेणार यांची थोरली बहीण, मयत. (३) सुमन, अर्जदाराची धाकटी बहीण, हयात, राहणार कागल.
तारीख : घरात कोणी लिहून ठेवलेली नाही. वार गुरुवार होता, याबद्दल वाद नाही.
विषय : एक वाकळ, जिचे तीन कोपरे शिवलेले असून चौथा उघडा आहे, तिच्याबाबत.

वरील मजकूर हाताच्या सवयीने उतरला. कचेरीच्या आवारात ताडपत्रीखाली टेबल टाकून मी आयुष्यभर लोकांच्या तक्रारी आणि विनंत्या कागदावर मांडीत आलो आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत, आणि तीही अर्धवट. तथापि माझ्या हातचा अर्ज मुद्दा अपुरा म्हणून परत आल्याचे मला आठवत नाही, आणि चांगले शिकलेसवरलेले लोकही माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्यापूर्वी मला विचारतात, हे नमूद करणे मी गैर समजत नाही. एकच प्रकरण मी आजवर हाती घेतले नव्हते, ते आमच्या घरचे. मागल्या आठवड्यात सुमनचा फोन आला. आईचे वर्षश्राद्ध जवळ आले, तेव्हा वाकळेचा तो कोपरा आता मिटवून टाकू, असे तिचे म्हणणे पडले. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. म्हणून लिहावयास बसलो.

आमचे घर म्हणजे उद्यमनगरच्या मागल्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या. दिवसभर लेथचा आणि ग्राइंडरचा आवाज. त्याची कानाला इतकी सवय की सुट्टीच्या दिवशी काहीतरी हरवल्यासारखे वाटे. आबा, म्हणजे माझे वडील, जवळच्याच एका फाऊंड्रीत वाळूचे साचे करीत. ओतकामाच्या दिवशी ते घरी आले की त्यांच्या अंगाला कोळशाचा, भाजलेल्या वाळूचा आणि त्या वाळूत कालवायच्या उसाच्या मळीचा गोडूस वास येई. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या उडून त्यांच्या प्रत्येक शर्टाला ज्वारीच्या दाण्याएवढाली भोके पडलेली असत. आई ती कधी रफू करीत नसे. उद्या पुन्हा पडणारच, मग डोळे कशाला फोडून घ्यायचे, असे तिचे मत. सुमन तेव्हा अगदी लहान होती. आबांच्या मांडीवर बसून ती त्या भोकांत करंगळी घालीत राही. सायकल भिंतीला लागली, मोरीवर हातपाय धुतले, की ताटात गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आबा पहिला घास मोडत तो सुमनच्या तोंडात घालीत, आणि मगच स्वतः जेवायला लागत. हा क्रम चुकल्याचे मी पाहिलेले नाही.

वाकळ म्हणजे इतर भागांत ज्याला गोधडी म्हणतात तीच. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारच्या वेळी दारात जुने लुगडे अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, त्यावर कापडांचे थर लावीत आणि लांब लांब टाके घालीत. त्याचे दोन नेम सगळ्यांना ठाऊक होते. पहिला असा, की शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायचा. याला वाकळेला घास देणे म्हणत. घास दिला की वाकळ पुरी झाली. मग ती कधी उसवायची नाही. दुसरा नेम असा, की जित्या माणसाच्या अंगच्या कापडाला वाकळेसाठी कात्री लावायची नाही. माणूस गेल्यावर त्याचे कपडे एकतर नदीला सोडायचे, नाहीतर कापून वाकळेत घालायचे. हे नेम मी इतक्या स्पष्टपणे मांडतो आहे, कारण पुढचे सर्व त्यांच्यावर अवलंबून आहे.

त्या दिवसांत भट्टीच्या दुरुस्तीसाठी फाऊंड्री बंद होती. गुरुवारी सकाळी आबा म्हणाले, वाडीला जाऊन दत्ताचे दर्शन घेऊन येतो. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. माझे नावही तिथल्याच नवसाचे. संध्याकाळी जेवायला आहे, असे त्यांनी अंघोळीआधी आईला सांगितले. मी शाळेला गेलो. आई नळाच्या पाळीला घागरी घेऊन गेली, सुमन शेजारी खेळत होती. आबा घरातून बाहेर पडले तेव्हा त्यांना कोणीही पाहिले नाही. संध्याकाळी आईने भाकरी थापल्या, तव्यावरून उतरवल्या, फडक्यात गुंडाळल्या. शेवटची एसटी येऊन गेली. सकाळी त्या भाकरी कडक झाल्या होत्या आणि आईने त्या आम्हांला न देता दुरडीत तशाच ठेवल्या.

त्यांचे कोणाशी भांडण नव्हते, कोणाचे काही लागत नव्हते, घरातही काही बोलाचाली झालेली नव्हती. आजही माझ्यासमोर बेपत्ता माणसाची तक्रार लिहावयास लोक येतात तेव्हा मी प्रथम कारण विचारतो, आणि कारण नाही म्हणणाऱ्यांकडे बाकीचे लेखनिक संशयाने पाहतात तसे मी पाहत नाही.

आबांच्या बरोबरीने काम करणारे आमचे शेजारी बापूमामा आम्हांला पोलीस चौकीवर घेऊन गेले. बाहेर नाना म्हणून एक वयस्कर अर्जलेखक बसत. त्यांनी नाव, वय, उंची, रंग सगळे सुबक अक्षरांत लिहिले आणि विचारले, "अंगावर कपडे काय होते?" आईला सांगता येईना. नाना म्हणाले, हा रकाना रिकामा असला तर माणूस शोधायचा कसा? आम्ही घरी परत आलो. आईने ट्रंक उपडी केली, दोरीवरचे, खुंटीवरचे, सायकलच्या कॅरियरला लावलेले असे आबांचे सगळे कपडे खोलीभर पसरले, आणि जे नाही ते शोधू लागली. नव्हता तो दिवाळीला शिवलेला निळा शर्ट; काळी विजारही नव्हती. एक जुना पांढराही दिसेना, पण तो त्यांनी भट्टीवर हात पुसायला नेला असणार, असे तिनेच सांगितले, म्हणून तो आम्ही धरला नाही. नानांनी लिहिले : अंगावर निळ्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट व काळी विजार. खाली आईचा अंगठा घेतला. मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचता वाचता मला निळ्या शर्टातले आबा वाडीच्या घाटावर चालताना स्पष्ट दिसले. कागदावर उतरलेली गोष्ट घडलेलीच असते, अशी त्या वयात माझी ठाम समजूत झाली. तिच्यावर पुढे माझे पोट चालले, तरी ती समजूत खरी नाही.

त्यानंतरचे दिवस आवाजांवर गेले. गल्लीत सायकलच्या चेनचा आवाज आला की आईचा हात पिठात थांबे. आबांची सायकल भिंतीलाच टेकलेली आहे हे तिला दिसत असूनही थांबे. मी शाळेतून घराकडे येताना कोपऱ्यावर चाल मंद करी, कारण वळेपर्यंत आबा दारात असण्याची शक्यता शिल्लक राही. मग चौकीवरून बोलावणे आले. वाडीच्या अलीकडे नदीत एक प्रेत सापडले होते. आई आणि बापूमामा गेले. परत आल्यावर बापूमामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. तोंड ओळखण्याजोगे राहिले नव्हते, म्हणून फक्त कपडे दाखवले, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. काळी विजार आणि पांढरा शर्ट.

"न्हवं त्यो," आई म्हणाली. "कागदावर निळा हाय. ह्यो पांढरा."

मी त्या दिवशी पोटभर जेवलो. इतक्या दिवसांनी खर्ड्याला चव लागली.

आबांची थोरली बहीण हौसाबाई बिद्रीकडच्या खेड्यात दिलेली. आम्ही तिला आत्ती म्हणत असू. आबा न परतल्याचे कळल्यावर ती येऊन रडून गेली होती. काही महिने गेले आणि तिचा निरोप आला की आता वाट पाहणे पुरे. अमावास्येला येते, भटजींना सांगून ठेवले आहे, दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकू आणि गणपाची कापडे पंचगंगेच्या घाटावर सोडून देऊ. आईच्या कपाळावर कुंकू होते. तिने ते पुसल्यासारखा हात नेला आणि अर्ध्यातून खाली आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आलो तर दारात लुगडे अंथरलेले, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन दगड, आणि शेजारी आबांच्या कपड्यांचा ढीग. ही कापडे कापली की आबा मेले, एवढे मला कळत होते. आई सुई शोधायला आत वळली तेव्हा मी कोनाड्यातली कात्री उचलली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. आई बाहेर आली. माझ्या मनगटाला तांदळाची पिठी लागलेली तिने पाहिली.

"ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. "लागणार न्हाय."

तिने एकही कापड कापले नाही. शर्ट आख्खे पसरले, बाह्या आत दुमडल्या, कॉलर तशीच ठेवली, बटणे लावून घेतली. विजारी लांबीला लांब जोडल्या. लेंगे मधल्या थराला घातले. टाके इतके सैल आणि लांब, की शेजारच्या बाया हसल्या. एका धुण्यात सुटेल म्हणाल्या. आईने मला एकट्याला कारण सांगितले. आला की दोरा ओढायचा, आणि आपली कापडे त्याने अंगात घालायची. वाकळ केली म्हणजे आत्ती तिला नदीला सोडणार नाही, कारण पोरांचे पांघरूण कोणी पाण्यात टाकत नाही. आणि कापली नाही म्हणजे आबांना काही होणार नाही. दोन्ही बाजू सांभाळणारा असा मसुदा मला आजवर साधलेला नाही. वरच्या अंगाला, मध्यभागी, तिने एका शर्टाएवढी जागा मोकळी सोडली होती. ती निळ्या शर्टाची जागा होती. तो घालून गेलाय ना, मग तो घेऊनच येईल, असे ती म्हणाली.

पुढचे काही दिवस ती शिवत होती आणि मी तिच्या बोटांकडे पाहत होतो. सुई कापडातून जाते तेव्हा आबांना कुठे टोचत तर नसेल, ही शंका मी कोणाला विचारू शकत नव्हतो. भोके असलेल्या जागी ती सुई घालीतच नसे, वळसा देऊन जाई. त्यामुळे मला थोडे बरे वाटे.

आत्ती अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी आली. वाकळ दारातच होती, तीन कोपरे होत आले होते. बापूमामा उंबऱ्यावर बसून चहा पीत होते. आत्तीने पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसले आणि वाकळेकडे पाहिले. भावाची एक एक कॉलर तिने ओळखली.

"जित्या माणसाची म्हणतीस, आणि त्येचीच वाकळ शिवतीस व्हय गं?"

"कापलंय का बघा, वन्सं," आई वर न पाहता म्हणाली. "कुठं कात्री लावलीया का?"

आत्ती वाकली, तिने एक बाही दुमडीतून बाहेर काढून पाहिली आणि परत आत सारली. मग ती बसली आणि भांडली. ती भांडण करायलाच आली होती आणि तिचा हक्कही होता. लोक काय म्हणतात ते तिने सांगितले, सुमनच्या पुढच्या आयुष्याचे सांगितले, भटजींनी काय सांगितले ते सांगितले. आई टाका घालीत राहिली. शेवटी आत्तीचा आवाज बसला.

"माझा भाऊ उपाशी फिरत असंल गं. पिंड न्हाय, पाणी न्हाय. तुला कसं घास उतरतोय?"

आईची सुई थांबली. "उपाशी हाय म्हणूनच येईल, वन्सं. जेवल्यालं माणूस कशाला घराकडं येतंय?"

आत्तीने पिशवी पुढे ओढली. सोडायची तर सगळी एकदमच सोडावी म्हणून हाही आणला, असे म्हणत तिने घडी घातलेला एक शर्ट काढला आणि वाकळेवर ठेवला.

तो निळा होता.

आत्तीला त्या कागदाबद्दल काहीच माहीत नव्हते. चौकीचे बोलणे तिच्यापर्यंत कोणी नेले नव्हते. ती आमच्या तोंडांकडे पाहू लागली. बापूमामांनी कप खाली ठेवला, चप्पल पायात घातली, आणि ते आपल्या घराकडे गेले. त्यांनी तो पांढरा शर्ट आईबरोबर पाहिला होता.

"कवापासनं हाय तुमच्याकडं?" आईने विचारले.

"आमच्या जत्रंपासनं. गणपा आल्ता, वाळत घातल्याला राहिला. म्या म्हटलं, पुढच्या येळंला नेईल." मग तिने घाबरून विचारले, "का गं? काय झालं?"

मला नानांचे सुबक अक्षर डोळ्यांसमोर दिसत होते, आणि त्या अक्षरांतला निळा रंग निघून जात होता. आम्ही इतके महिने ज्या माणसाला शोधत होतो तो माणूस नव्हताच. आबा त्या दिवशी काय घालून गेले, हे आता कोणालाच ठाऊक नव्हते. किंवा ठाऊक होते आणि म्हणायचे नव्हते. मी आईकडे पाहिले. ती आता कपाळाचे पुसेल, किंवा किंचाळेल, किंवा मला चौकीवर धाडील, असे मला वाटले. तिने शर्ट उचलून नाकाशी नेला. आत्तीने तो साबणाने स्वच्छ धुतला होता. आबांचा वास त्याला असणे शक्य नव्हते. आईने तो मोकळ्या जागेवर पसरला. बाह्या आत घेतल्या. बटणे लावली. जागा त्याच्या मापाची होती, तो बरोबर बसला. तिने सुईत दोरा ओवायला घेतला, पण टोक नेढ्यात जाईना. तेव्हा आत्तीनेच तिच्या हातातून सुई घेतली, माझ्यापुढे धरली, आणि मी दोरा ओवून दिल्यावर निळ्या शर्टाच्या एका कडेने आत्ती आणि दुसऱ्या कडेने आई अशा शिवत राहिल्या. पुतळ्याचा विषय आत्तीने त्या दिवशी पुन्हा काढला नाही, आणि नंतरही कधी काढला नाही. तिला आईने काही समजावून सांगितले की नाही, मला माहीत नाही. मी तरी ऐकले नाही.

ऊन उतरता उतरता चौथा कोपरा आला. आत्तीने आपल्या शिदोरीतली भाकरी काढली, तुकडा मोडला, गूळ मागितला. आईने उघड्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.

"ऱ्हाऊ दे."

आत्ती तो तुकडा हातात घेऊन तशीच बसली. मग तिने सुमनला जवळ ओढले आणि तो घास तिच्या तोंडात घातला. सुमन चावत राहिली. आईने सुई दोऱ्यासकट उघड्या कोपऱ्याला टोचून ठेवली.

दिवेलागणीला मी धीर करून आईला विचारले, आबांचा पांढरा शर्ट भट्टीवर नेलेला नक्की का? तिने चुलीत काटकी सारली. "पांढरा शर्ट कुणाकडं नसतोय?" एवढेच म्हणाली.

त्या वर्षी माझी शाळा सुटली. मी नानांच्या टेबलाजवळ जाऊन बसू लागलो आणि त्यांच्या मागून ते टेबल माझे झाले. बेपत्ता माणसाच्या तक्रारीत मी कपड्यांचा रकाना कोणाच्या अंदाजावर भरत नाही. डोळ्यांनी पाहिले असेल तर लिहितो. नाहीतर 'माहीत नाही' लिहितो. वरचे लोक मला त्यासाठी आखडू म्हणतात. म्हणोत.

ती वाकळ आम्ही दोघांनी पांघरली. बटणे गालाला टोचत. सुमन झोपेत ती काढीत आणि लावीत असे. टाके सैल असूनही सुटले नाहीत, कारण आई दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा घाली, टाक्यांच्या त्याच भोकांतून. खंडेनवमीला आबांची साचे ठोकायची थापी आणि सायकल पुजली जाई तेव्हा आई कोपऱ्यातली गंजलेली सुई काढून नवी टोचत असे. तिच्या शेवटच्या आजारात ती वाकळ तिच्याच अंगावर होती. एके दुपारी मी तिला विचारले, जे इतकी वर्षे विचारले नव्हते : त्या पांढऱ्या शर्टाला ठिणग्यांची भोके होती का? तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, जणू मी अजून आठवीतच होतो.

"होती की," ती म्हणाली. "निम्म्या कोल्हापूरच्या शर्टाला भोकं हाईत."

सुमनचे म्हणणे रास्त आहे, हे मी मान्य करतो. तिचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, तिचे घर भरलेले आहे, आणि घरात एक उपाशी वाकळ असावी हे तिला सहन होत नाही. भाकरीचा तुकडा आणि गूळ ती स्वतः आणणार आहे. माझ्या बाजूने विरोध करण्यास कोणताही पुरावा नाही.

तरी जाबदेणार गणपती यांस अर्जदाराची विनंती आहे की, आईचे वर्षश्राद्ध होण्यापूर्वी आपण समक्ष हजर राहून आपला घास स्वतःच्या हाताने द्यावा. येणे शक्य नसल्यास, त्या गुरुवारी घरातून निघताना आपल्या अंगावर कोणता शर्ट होता, एवढे तरी कळवावे. उत्तर येईपर्यंत कोपरा मिटू नये म्हणून अर्जदार आपल्या बहिणीकडे मुदत मागत आहे. सुई बदलली आहे. दोरा ओवून ठेवला आहे.

कळावे,
आपला मुलगा,
दत्ता